'जणावीशुं' म्हटल्यावर किती दिवस वाट बघायची?

सुरसागर_काठ

बडोदा, हलोल, सावली, वाघोडिया, दहेज या पट्ट्यात नोकरीसाठी फिरणाऱ्याला गुजरातीतला एक शब्द सगळ्यात आधी पाठ होतो. 'जणावीशुं.' म्हणजे कळवू. मकरपुऱ्यातल्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपपासून अलकापुरीतल्या काचेच्या ऑफिसपर्यंत मुलाखत याच शब्दावर संपते आणि त्यानंतर कोणी काही कळवत नाही.

नकार आला तर माणूस दोन दिवस खट्टू होतो आणि पुढे अर्ज करतो. हे भिजत घोंगडं मात्र सगळंच अडवून ठेवतं: हातातली दुसरी ऑफर घ्यायची की नाही, खोलीचं डिपॉझिट भरायचं की नाही, राजीनामा कधी टाकायचा. माझ्या मते उमेदवाराला तीन फेऱ्या, एक लेखी चाचणी आणि चार पानी फॉर्म भरायला लावून नंतर गप्प बसणं हा सरळसरळ उद्धटपणा आहे. कामाचा ताण वगैरे ऐकायला बरं वाटतं.

इथे आतल्या बाजूची माहिती असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. गप्प का बसतात? किती दिवसांनी विचारावं, किती वेळा, कोणत्या शब्दांत? आणि कायद्यात याला काही उत्तर आहे का?

चिवडाप्रेमी

'कळवतो' हा शब्द कंपन्यांनी आपल्याकडच्या मुलाकडच्या मंडळींकडून उचललाय. तिथे निदान आठ दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप तरी येतो.

तिसरी_पाळी

आणि पोहे मिळतात.

बारा_टक्के

गप्प का बसतात, याचं लहान-मध्यम कारखान्यापुरतं उत्तर देतो.

अशा ठिकाणी एचआर म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस असतो. गेटपास, कँटीनचं बिल, कंत्राटी कामगारांची हजेरी, कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं तर ईएसआयचा (कामगार विम्याचा) अपघात अहवाल, दिवाळीच्या मिठाईचे डबे, सगळं त्याच्याच टेबलावर. महिन्याची १ ते ७ तारीख पगारात जाते. १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआय, दोन्हींची चलनं भरावी लागतात. उशीर झाला की व्याज आणि दंड, आणि शेठचा ओरडा वेगळा. म्हणजे अर्धा महिना तो माणूस उमेदवारांच्या यादीकडे बघतच नाही.

म्हणून विचारणा १६ ते २५ तारखांच्या मध्ये करावी. सकाळी साडेदहा-अकराला, म्हणजे पहिल्या पाळीची हजेरी लागलेली असते आणि जेवणाची सुट्टी व्हायची असते. ४ तारखेला पाठवलेला मेल वाचला जातो, 'नंतर बघू' म्हणून सोडला जातो आणि १५ तारखेपर्यंत दोनशे मेलखाली गाडला जातो. तोच मेल १७ ला गेला तर उत्तर यायची शक्यता बरीच जास्त.

आणखी एक. अशा कारखान्यात निर्णय एचआरचा नसतोच. तो शेठचा किंवा प्लांट हेडचा असतो. एचआरला स्वतःलाच माहीत नसतं, आणि 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटते म्हणून तो फोन उचलत नाही.

मगरीचं_पिल्लू

एचआर म्हणजे विश्वामित्रीतली मगर. आहे हे सगळ्या गावाला माहीत, पण दर्शन फक्त पूर आल्यावर.

पडद्यामागचा

बारा_टक्के यांचं लहान कारखान्यांपुरतं पटलं. मोठ्या कंपन्यांमध्ये गप्प बसणं बऱ्याचदा ठरवून असतं. ते कसं चालतं ते सांगतो.

एका जागेसाठी शेवटच्या फेरीत तीन माणसं आली. पहिल्याला ऑफर द्यायचं ठरलं. पगाराच्या आकड्याला मंजुरी मिळून पत्र निघायला ७ ते १० दिवस. तो होकार देतो, त्याची नोटीस ६० नाहीतर ९० दिवसांची. म्हणजे तो प्रत्यक्ष गेटमधून आत येईपर्यंत साधारण दहा ते चौदा आठवडे. या काळात तो दुसरीकडे जाऊ शकतो, किंवा त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 'नाही' म्हणत नाहीत. 'हो' म्हणता येत नाही. मग पोर्टलवर 'विचाराधीन' हाच शेरा तीन महिने राहतो.

यातून एक गोष्ट ओळखता येते. मुलाखतीनंतर अडीच-तीन महिन्यांनी अचानक फोन आला की 'अजून इच्छुक आहात का, उद्या येऊ शकता का', तर पहिला माणूस आलेला नाही आणि काम अडलंय. त्या दिवशी पगाराची बोलणी तुमच्या बाजूने झुकलेली असतात. उद्या लगेच धावू नका. 'येतो, पण आधी पगाराचा तक्ता मेलवर पाठवा' म्हणा. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत येतो.

गप्प बसायचं दुसरं कारण म्हणजे जागाच थांबवलेली असते. मार्चअखेर जवळ आली, बजेट गोठलं, किंवा ज्या ऑर्डरसाठी माणूस हवा होता ती पुढे गेली. जागा रद्द झाली असं लेखी कळवायचं तर वरिष्ठाची परवानगी लागते. न कळवायला लागत नाही.

सुरसागर_काठ

@पडद्यामागचा, मग 'तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, पहिल्याचं ठरेपर्यंत थांबता का' असं सरळ सांगितलं तर काय बिघडतं?

पडद्यामागचा

काही नाही. ज्या थोड्या जागी असं सांगतात तिथे दुसरा माणूस उलट टिकून राहतो. न सांगायचं कारण भीती: तो पहिल्यापेक्षा जास्त पगार मागेल किंवा चिडेल. दोन्ही क्वचितच घडतं.

खंडेराव_मार्केट

सगळे कंपन्यांना झोडपताय म्हणून दुसरी बाजू. उमेदवार काय कमी आहेत? ऑफर स्वीकारायची, त्या पत्राच्या जोरावर दुसरीकडे आकडा वाढवून घ्यायचा, आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. नवा माणूस ठराविक तारखेला येणार म्हणून पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो, बूट-हेल्मेट-गणवेश काढून ठेवलेला असतो, सुरक्षा प्रशिक्षणाची बॅच ठरलेली असते. सकाळी सातला मेन गेटवर माणूस नाही, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर सोळा तास उभा. मग एचआर पाच जणांना लटकवून ठेवायला शिकते. ही सवय एका बाजूने लागलेली नाही.

शेवंती

@खंडेराव_मार्केट, मुद्दा बरोबर, वजन बरोबर नाही. उमेदवार आला नाही तर कंपनीचा एका पाळीचा ओव्हरटाइम जातो. कंपनीने लटकवलं तर माणसाचे तीन महिने जातात. आणि जो फोन बंद करतो तो रामराम ठोकून जातो, त्याची शिक्षा पाचव्या क्रमांकाच्या उमेदवाराला कशाला?

खंडेराव_मार्केट

मान्य. पण मग धाग्याचं शीर्षक दोन्ही बाजूंना लागू करा.

क्लिक_क्लिक

मोठ्या कंपन्यांच्या 'वेळ नाही' या सबबीबद्दल थोडं, कारण ती खोटी आहे.

अर्ज ज्या सॉफ्टवेअरमध्ये येतात, ज्याला सगळे एटीएस म्हणतात, त्यात प्रत्येक उमेदवारासमोर एक अवस्था असते: अर्ज आला, छाननी, मुलाखत, ऑफर, नामंजूर. नकाराचा मेल 'नामंजूर' या अवस्थेला जोडलेला असतो. भरती करणाऱ्याने ती अवस्था बदलली तरच मेल सुटतो. गंमत अशी की जागा भरल्यावर तो माणूस फक्त जागा 'बंद' करतो; उरलेले दोनशे अर्ज आहेत त्याच अवस्थेत गोठतात. म्हणून वर्षभराने लॉगिन केलं तरी 'विचाराधीन' दिसतं.

करायचं एवढंच असतं. जागा बंद करण्याआधी यादी उघडायची, निवडलेला माणूस सोडून बाकी सगळ्यांवर टिक करायची, अवस्था 'नामंजूर', मेलचा साचा निवडायचा, पाठवा. दोनशे माणसांना पाच-सात मिनिटं. जे प्रत्यक्ष मुलाखतीला आले होते, समजा आठ जण, त्यांच्यासाठी साच्यात नाव, पद आणि एक खरं कारण घालायचं: 'या जागेला पीएलसीचा अनुभव जास्त असलेला उमेदवार निवडला.' अजून वीस मिनिटं. एकूण अर्धा तास.

काय चुकतं तेही सांगतो. नकाराचा मेल बऱ्याचदा नो-रिप्लाय पत्त्यावरून जातो आणि स्पॅममध्ये पडतो. उमेदवार म्हणतो कळवलं नाही, कंपनी म्हणते कळवलं. तेव्हा रागावण्याआधी स्पॅम आणि जाहिरातींचा कप्पा बघून घ्या.

गेटवर_उभा

वॉक-इनबद्दल कोणीच बोललं नाही. रविवारी स्टेशनजवळच्या हॉटेलात दहेज नाहीतर अंकलेश्वरच्या केमिकल प्लांटसाठी वॉक-इन, वेळ ९ ते ४, सोबत तीन सीव्ही, तीन महिन्यांच्या पगार पावत्या, शेवटचं इन्क्रिमेंट लेटर, फोटो, मूळ प्रमाणपत्रं. पहाटेच्या मेमूने भरूच-सुरतेकडून पोरं येतात.

आता साधा हिशोब करा. तीन टेबलं. एका माणसाला १५ मिनिटं, म्हणजे टेबलामागे तासाला चार, तीन टेबलांवर बारा. जेवण वगळून सहा तास धरले तर ७२ माणसं. जाहिरात बघून तीनशे आली तर २२८ जणांची मुलाखत होणं शक्यच नाही, आणि हे कंपनीला सकाळी दहालाच ठाऊक असतं. तरी चारपर्यंत बसवून ठेवतात आणि मग म्हणतात, सीव्ही ठेवून जा, जणावीशुं. साडेदहाला टोकन ७२ वर थांबवून बाकीच्यांना 'तुमची वेळ पुढच्या रविवारी' असं सांगणं एवढीच माणुसकी लागते. खुर्च्या आणि पाण्याचं तर बोलतच नाही.

उमेदवारासाठी: अशा ठिकाणी साडेआठला रांगेत असाल तरच अर्थ आहे. अकरानंतर पोहोचलात तर सीव्ही देऊन निघा, वाट बघू नका. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, हातातून सोडायची नाहीत. 'रुजू होईपर्यंत मूळ इथे राहतील' म्हणणाऱ्याला नमस्कार.

चिवडाप्रेमी

अकरानंतर पोहोचलात तर सरळ सेवउसळ खायला जा असं स्पष्ट लिहा की.

तिसरी_पाळी

तर्री जास्त घेऊन.

गेटवर_उभा

😀 प्लांटमधल्या मुलाखतीचं एक राहिलं. मेन गेटवर फोन जमा होतो आणि व्हिजिटर पास मिळतो. त्यावर आत गेल्याची वेळ, कोणाला भेटायचं त्याचं नाव-विभाग, आणि खाली भेट झाल्याची सही. परत जाताना पास दिल्यावर फोन मिळतो, म्हणजे पासचा फोटो काढता येत नाही. म्हणून भेटणाऱ्याचं नाव आणि विभाग आतच सीव्हीच्या मागे पेनने उतरवून घ्या. नंतर विचारणा करताना 'त्या चष्मेवाल्या साहेबांना' असं लिहिता येत नाही. आणि सही घ्यायला विसरलात तर गेटवाला परत आत पाठवतो, अर्धा किलोमीटर चालत.

सल्लाफुकट

कन्सल्टन्सीमार्फत गेलेल्यांची तक्रार वेगळी असते: सुरुवातीला दिवसाला पाच फोन, मुलाखतीनंतर शुकशुकाट. कारण पैशात आहे.

कन्सल्टंटची रूढ फी वार्षिक सीटीसीच्या (माणसामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, त्यावर १८ टक्के जीएसटी. ती माणूस रुजू झाल्यावरच मिळते, आणि त्याने ६० किंवा ९० दिवसांत सोडलं तर फुकट दुसरा माणूस द्यावा लागतो. म्हणजे निवड न झालेल्या उमेदवारावर घालवलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या हिशोबाने तोट्याचं. वाईट आहे, पण असं आहे.

याहून नुकसानीची चूक उमेदवार स्वतः करतात. एकाच कंपनीत एकच सीव्ही दोन कन्सल्टंटकडून जातो. मग फी कोणाची यावरून वाद होतो, आणि कंपनी वाद नको म्हणून सीव्हीच बाजूला ठेवते. उमेदवाराला पत्ताही लागत नाही. त्यामुळे कंपनीचं नाव आणि जागा सांगितल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायची परवानगी देऊ नका. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून ठेवा: 'माझा सीव्ही फक्त या कंपनीच्या या जागेसाठी पाठवा.' आणि कोणाला कधी परवानगी दिली याची वहीत नोंद ठेवा. एकदा गेलेल्या सीव्हीवर कन्सल्टंटचा हक्क साधारण सहा महिने धरतात.

जो उमेदवाराकडून नोंदणीचे, गणवेशाचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागतो तो कन्सल्टंट नव्हेच. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

कलम_चौदा

मूळ धाग्यात कायद्याचं विचारलंय. खासगी कंपनीने मुलाखतीचा निकाल कळवलाच पाहिजे असा कायदा भारतात नाही. सरकारी उपक्रमांचं वेगळं: तिथे २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपये भरून स्वतःचे गुण मागता येतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केलाय. मकरपुऱ्याच्या शेठला हे लागू नाही.

ऑफर देऊन मागे घेतली तर? विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम १४ मुळे कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने नोकरी देववत नाही. करार कायदा १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी ऑफर लेखी, स्वीकार लेखी आणि नुकसान आकड्यांत दाखवता आलं पाहिजे. व्हॉट्सॲपवरच्या 'वेलकम' वर राजीनामा देऊ नका. पत्रात पद, ठिकाण, रुजू व्हायची तारीख, पगाराचा तक्ता आणि सही हे पाच आलं की मगच.

रुजू झाल्यावर नियुक्तीपत्र मात्र प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट आहे. 'आमच्यात पत्र देत नाहीत' हे आता चालत नाही.

अलकापुरी_एक्सप्रेस

बडोद्यातल्या निम्म्या घरांतली पोरं कॅनडात आहेत म्हणून सांगते. ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आहे: २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. जाहिरातीत जागा खरोखर रिकामी आहे का, तेही लिहायचं. चाळणीला एआय वापरत असतील तर तेही.

युरोपीय संघाचा पगार-पारदर्शकतेचा निर्देश आहे, सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत. त्यात मुलाखतीआधी पगाराची श्रेणी सांगायची आणि आधीचा पगार विचारायचाच नाही.

खंडेराव_मार्केट

आधीचा पगार विचारायचा नाही?! इथे तर फॉर्मच्या पहिल्या पानावर वडिलांचा धंदासुद्धा विचारतात.

शेवंती

वडिलांचा धंदा परवडला. 'लग्न कधी', 'सासर कुठे', 'रात्रपाळीला घरचे सोडतील का'. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातच बंदी होती, आता ती वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. पण मुलाखतीच्या खोलीत कलम काढून उपयोग नसतो. चालतं ते उत्तर म्हणजे कामाकडे वळवणं: 'पाळ्या कोणत्या आहेत आणि बस कोणत्या स्टॉपवर येते ते सांगा, त्यावर मी नक्की सांगते.' विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि घरचा विषय तिथेच संपतो.

कागदपत्रांबद्दल. ऑफरच्या आधी आधार-पॅनची प्रत मागायचं कारण नसतं. गेट एंट्रीसाठी मागितलीच तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार उतरवा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात तेव्हा पगार जमा झालेल्या ओळी सोडून बाकी झाकून द्या. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर स्वतःच जपा.

सुरसागर_काठ

पगाराच्या तक्त्याबद्दल कोणी लिहील का? फोनवर '३५ हजार' म्हणतात आणि हातात वेगळंच येतं. हाही न कळवण्याचाच प्रकार झाला.

बारा_टक्के

लिहितो. सीटीसी ४,२०,००० वर्षाला, म्हणजे महिन्याला ३५,०००. मूळ वेतन निम्मं, १७,५००. आता वजा करत चला. मालकाचा पीएफ, १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, १,८००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, ८४२. 'परफॉर्मन्स' चा १० टक्के हिस्सा वर्षअखेर मिळाला तर मिळाला, ३,५००. राहिले २८,८५८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि गुजरातचा व्यवसाय कर २००. हातात २६,८५८.

यात बस आणि कँटीनची कपात धरलेली नाही. म्हणून फोनवर विचारायचा प्रश्न 'सीटीसी किती' हा नसून 'पीएफ आणि व्यवसाय कर कापून बँकेत दर महिन्याला किती जमा होतील' हा. सांगणारा अडखळला तर तक्ता अजून बनलेला नाही असं समजा.

ग्रॅच्युइटीचं विशेष हसू येतं. कायम कामगाराला ती पाच वर्षांनी मिळते, पण पहिल्या महिन्यापासून पगारात मोजून दाखवतात.

मगरीचं_पिल्लू

सीटीसी म्हणजे 'चोपडीत तर छे'.

अलकापुरी_एक्सप्रेस

🤣 हे फ्रेम करून लावायला हवं.

तिसरी_पाळी

बाँडबद्दलही विचारायचं होतं. 'दोन वर्षं सोडणार नाही' असा बाँड मुलाखतीत सांगतच नाहीत, रुजू व्हायच्या दिवशी टेबलावर ठेवतात.

कलम_चौदा

बाँड सरसकट बेकायदा असतो हा गैरसमज. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध धरली. त्यात ती अट जाहिरातीतच लिहिलेली होती. पहिल्या दिवशी अचानक समोर आलेला बाँड तिथेच सही करू नका, एक दिवस मागून घ्या आणि रक्कम कशाच्या खर्चापोटी आहे ते लेखी विचारा. वेगळा धागा काढा, इथे फाटे फुटतील.

सुरसागर_काठ

फाटे आवरतो. कारणं कळली, कायदा कळला. आता मूळ प्रश्न: किती दिवस, किती वेळा, कोणते शब्द?

पडद्यामागचा

काम मुलाखतीच्या खोलीतच सुरू होतं. उठताना दोन गोष्टी विचारायच्या: निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेनंतर विचारायचं तर कोणाला. त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल, त्यात ती तारीख लिहून: 'आपण २२ तारखेपर्यंत कळवाल असं म्हणालात.' आता ती तारीख त्यांच्या इनबॉक्समध्ये आहे.

तारीख गेली की कामाचे तीन दिवस सोडून पहिली विचारणा. तारीख दिलीच नसेल तर मुलाखतीनंतर कामाचे दहा दिवस. दुसरी विचारणा त्यानंतर आठवड्याने, आणि तीच शेवटची. तिसरी करू नये, तोवर जे कळायचं ते कळलेलं असतं. हे दिवस १ ते १५ च्या आत येत असतील तर बारा_टक्के म्हणाले तसं १६ पर्यंत पुढे ढकला.

विषयाच्या ओळीत पद, मुलाखतीची तारीख, तुमचं नाव. 'फॉलो-अप' एवढंच लिहिलेले मेल कोणी उघडत नाही. मजकूर असा:

'नमस्कार. १२ तारखेला मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली, आपण २२ पर्यंत कळवणार होतात. मला दुसरीकडे २९ ला उत्तर द्यायचं आहे. २८ च्या संध्याकाळपर्यंत आपला निर्णय कळला तर बरं होईल. न कळल्यास ही जागा माझ्यापुरती बंद समजेन.'

दुसरी ऑफर नसेल तर ती ओळ गाळा, खोटी घालू नका. 'कुठली कंपनी' असा फोन येतो आणि पंचाईत होते.

खंडेराव_मार्केट

'बंद समजेन' हे शेठ लोकांना झोंबेल. इथे त्याच माणसाकडे दोन वर्षांनी परत जायची वेळ येते, गाव लहान आहे. 'न कळल्यास मी तिकडे होकार देईन' लिहा. अर्थ तोच, दार उघडं राहतं.

शेवंती

पहिल्यांदाच खंडेराव_मार्केट यांच्याशी पूर्ण सहमत.

बारा_टक्के

भाषेचंही ठरवा. मोठ्या कंपनीला मेल, इंग्रजीत. मकरपुऱ्यात मेल कोणी बघत नाही, तिथे व्हॉट्सॲप, गुजरातीत, सुरुवातीला 'साहेब'. व्हॉइस नोट पाठवू नका, शॉप फ्लोअरच्या आवाजात ती कोणी ऐकत नाही.

सुरसागर_काठ

'२८' लिहायचं की 'येत्या शुक्रवारी'?

गेटवर_उभा

तारीख आणि वार दोन्ही. नुसतं 'आवता शुक्रवारे' लिहिलंत तर ते त्यांच्या हिशोबाने कायम पुढच्या आठवड्यातच असतं.